टेक्स्ट एडिटर कसा निवडावा? मराठीत काम करणाऱ्यांसाठी माहिती

टेक्स्ट एडिटर म्हणजे केवळ मजकूर लिहिण्याचे आणि बदलण्याचे सॉफ्टवेअर. अक्षरांचा आकार, रंग, ठळकपणा, चित्रे, समास यांपैकी काहीही या मजकुरासोबत साठवले जात नाही. विंडोजमधील नोटपॅड हे याचे सर्वांत परिचित उदाहरण असून १९८५ साली आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीपासून ते सोबत मिळते. मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर यांना मात्र टेक्स्ट एडिटर म्हणत नाहीत. ते वर्ड प्रोसेसर आहेत.

हा फरक फाईलमध्ये दिसतो. नोटपॅडमध्ये ‘मराठी’ हा एकच शब्द लिहून यूटीएफ-८ पद्धतीने सेव्ह केला तर फाईल १५ बाइटची होते: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, प्रत्येकाला तीन बाइट. तोच शब्द वर्डमध्ये सेव्ह केल्यास काही किलोबाइटची फाईल तयार होते, कारण तिच्यात फॉण्ट, पानाची मापे व इतर बरीच माहिती असते.

साधा मजकूर कशासाठी?

टिपणे, याद्या, पत्त्यांची सीएसव्ही फाईल, वेबपानाचा कोड, व्हिडिओची सबटायटल्स, संगणकाच्या सेटिंगच्या फाईली ही सगळी साध्या मजकुराची कामे आहेत. अशा फाईली कोणत्याही संगणकावर, कोणत्याही एडिटरमध्ये उघडतात. कोडच्या फाईलसाठी वर्ड वापरल्यास ते सरळ अवतरणचिन्हांच्या जागी आपोआप वळणदार चिन्हे घालते आणि कोड चालत नाही.

पहिली कसोटी: एन्कोडिंग

इंग्रजीत लिहिणाऱ्याला एडिटर निवडताना एन्कोडिंगचा विचार क्वचितच करावा लागतो. मराठीत लिहिणाऱ्याने मात्र तो सर्वांत आधी करायला हवा, कारण चुकीच्या एन्कोडिंगमुळे लिहिलेला मजकूर कायमचा नष्ट होऊ शकतो.

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे युनिकोड ठरवते. तो आकडा फाईलमध्ये कसा लिहायचा, हे एन्कोडिंग ठरवते. आज सर्वत्र चालणारे एन्कोडिंग यूटीएफ-८ हे आहे. जुन्या नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ हे एन्कोडिंग आपोआप निवडलेले असे. त्यात देवनागरीला जागाच नाही. सेव्ह करताना नोटपॅड इशारा देत असे, पण तो न वाचता ‘ओके’ दाबले की प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येई. २०१९ मधील विंडोज १०च्या आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाईल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करते. जुन्या संगणकांवर मात्र ‘सेव्ह ॲज’ करताना एन्कोडिंग पाहून घ्यावे.

मराठी फाईल नीट दिसत नसेल तर नेमके काय बिघडले आहे, हे पडद्यावरूनच बरेचसे ओळखता येते:

- रिकामे चौकोन दिसणे: मजकूर शाबूत आहे, फक्त देवनागरीचा फॉण्ट सापडत नाही. फॉण्ट बदलावा.
- डोक्यावर खुणा असलेली इंग्रजी अक्षरे आणि विचित्र चिन्हे दिसणे: फाईल चुकीच्या एन्कोडिंगने वाचली जात आहे. मजकूर बहुधा शाबूत असतो. या अवस्थेत फाईल सेव्ह करू नये. योग्य एन्कोडिंग निवडून ती पुन्हा उघडावी.
- साधी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक सरमिसळ दिसणे: मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टमधला असण्याची शक्यता आहे. अशा फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांनाच मराठी आकार दिलेले असत. साध्या मजकुरात फॉण्टची माहिती राहत नसल्यामुळे खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. असा मजकूर त्या फॉण्टसाठीच्या परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा लागतो.
- फक्त प्रश्नचिन्हे दिसणे: सेव्ह करतानाच अक्षरे गेली असतील तर त्या फाईलमधून ती परत मिळत नाहीत. जुनी प्रत शोधणे हाच उपाय.

म्हणून चांगल्या एडिटरमध्ये तीन सोयी हव्यात: फाईल कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे ते दिसणे, दुसऱ्या एन्कोडिंगने ती पुन्हा उघडता येणे आणि रूपांतर करून सेव्ह करता येणे. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उदाहरणार्थ, नोटपॅड++च्या एन्कोडिंग मेनूतील वरचे पर्याय फाईल वाचण्याची पद्धत बदलतात. ‘कन्व्हर्ट टू’ने सुरू होणारे पर्याय मजकुराचे प्रत्यक्ष रूपांतर करतात.

सीएसव्ही फाईलची एक खास अडचण आहे. यूटीएफ-८ मधली मराठी यादी एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली तर अनेकदा विचित्र चिन्हे दिसतात. फाईल ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ या पर्यायाने सेव्ह केली की सुरुवातीला तीन बाइटची खूण पडते आणि एक्सेल एन्कोडिंग ओळखते.

मराठीच्या इतर अडचणी

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यातला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून, किंवा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. ‘ॲप’मधला ॲ देखील एकच चिन्ह म्हणून किंवा अ आणि वरचा चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एडिटरचा शोध सहसा त्यांना वेगळे मानतो. यादीत नाव असूनही सापडत नसेल तर हे कारण तपासावे. सर्वांनी एकच कीबोर्ड वापरला तर हा घोळ बराच टळतो.

स्तंभ जुळवण्यासाठी स्पेस देण्याची पद्धत मराठीत चालत नाही. कोडसाठीच्या फॉण्टमध्ये प्रत्येक इंग्रजी अक्षराची रुंदी सारखी असते. देवनागरी जोडाक्षरांची तशी नसते. तक्त्यासाठी टॅब किंवा स्प्रेडशीट वापरावी.

सुरक्षितता आणि सोय

एडिटर अचानक बंद पडला किंवा वीज गेली तर न सेव्ह केलेला मजकूर परत मिळतो का, हे पाहावे. नोटपॅड++, व्हीएस कोड आणि विंडोज ११चे नवे नोटपॅड उघड्या फाईली लक्षात ठेवतात. किती पायऱ्या मागे जाता येते, हेही महत्त्वाचे आहे. जुन्या नोटपॅडमध्ये एकच बदल मागे घेता येत असे. मोठी फाईल उघडणे, अनेक फाईलींत एकदम शोधणे आणि बदलणे या सोयी कामाच्या प्रमाणात लागतात.

कोणता एडिटर कोणासाठी?

विंडोजवर टिपणांसाठी नोटपॅड पुरेसे आहे. याद्या, मोठ्या फाईली, एन्कोडिंगची दुरुस्ती अशी कामे असतील तर २००३ पासून मोफत उपलब्ध असलेले नोटपॅड++ सोयीचे. ते केवळ विंडोजसाठी आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला व्हीएस कोड विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. तो कोड लिहिण्यासाठी उत्तम, पण जास्त मेमरी घेतो. जुन्या संगणकावर चार ओळींच्या टिपणासाठी तो जड पडतो.

मॅकवर टेक्स्टएडिट सोबतच मिळतो, पण नवी फाईल सजावटीच्या मजकुराची उघडतो. ‘फॉरमॅट’ मेनूतून ‘मेक प्लेन टेक्स्ट’ निवडावे लागते. सेटिंगमध्ये हे कायमचेही ठरवता येते. लिनक्सवर जीनोम टेक्स्ट एडिटर किंवा केट चांगले आहेत.

विम हा १९९१ मध्ये आलेला एडिटर कीबोर्डवरूनच चालवायचा असतो. सरावल्यावर तो फार वेगवान वाटतो. मात्र त्याच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांच्या असल्यामुळे मराठीत लिहिताना कीबोर्ड सतत बदलावा लागतो, आणि अनेक टर्मिनलमध्ये जोडाक्षरे नीट दिसत नाहीत. टर्मिनलमध्ये एखादी सेटिंग बदलण्यापुरता नॅनो सोपा. त्याच्या मुख्य आज्ञा पडद्याच्या तळाशीच लिहिलेल्या असतात.

निवडीपूर्वी पाच मिनिटांची चाचणी

नव्या एडिटरमध्ये ‘दऱ्या, दर्या, ॲप, क्षितिज, कृष्ण’ हे शब्द लिहावेत. फाईल सेव्ह करून एडिटर बंद करावा आणि ती पुन्हा उघडावी. मग तीच फाईल दुसऱ्या एडिटरमध्ये आणि मोबाइलवर उघडून पाहावी. त्यानंतर काही ओळी लिहून सेव्ह न करता एडिटर बंद करावा व तो काय करतो ते पाहावे. महत्त्वाच्या फाईलवर पहिला प्रयोग करू नये, आणि एडिटर नेहमी त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच डाउनलोड करावा.

यात निवड चुकली तरी नुकसान थोडे असते. एकेकाळी लोकप्रिय असलेला ॲटम हा एडिटर डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्यात लिहिलेल्या फाईली आजही कोणत्याही एडिटरमध्ये उघडतात. एडिटर पुढे कधीही बदलता येतो. फाईल यूटीएफ-८ मध्ये आहे आणि तिची एक प्रत दुसरीकडे ठेवलेली आहे, एवढी खात्री मात्र आजच करून घ्यावी.