‘उपरा’ कोण, हे ठरवणार कोण?

१

या देशात माणसाला ‘तू इथला नाहीस’ असे सांगण्याची परंपरा फार जुनी आहे. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबल्या, तरी तो गावाचा झाला नाही. कैकाडी, पारधी, वडार पालातून पालात हिंडत राहिले आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर त्यांना विचारले गेले, कुठून आलात, कधी जाणार? लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले, तेव्हा या एका शब्दात एका समाजाचा सारा इतिहास आला.

आज हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला जातो आहे. ‘बेकायदा स्थलांतरित’, ‘घुसखोर’ हे शब्द वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळतात. आपल्या चळवळीतले पुष्कळ कार्यकर्ते म्हणतात, हा प्रश्न बंगाली मुसलमान मजुरांचा आहे, त्यात आपण कशाला पडावे? या प्रश्नाचे उत्तर भावनेने देऊन भागणार नाही. ते इतिहासात शोधले पाहिजे.

२

प्रथम आजची घटना पाहू. जून २०२५ मध्ये मीरा रोड येथे बांधकामावर काम करणाऱ्या, पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या एका गवंड्याला बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी ताब्यात घेतले. तो भारतीय असल्याचे कागद आपण पाठवले होते, असे पश्चिम बंगालच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. तरीही काही दिवसांत त्याला सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करण्यात आले आणि रात्रीच्या अंधारात सीमेपलीकडे ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल सरकारने प्रकरण लावून धरल्यावर त्याला परत आणले गेले. म्हणजे भारताच्या एका नागरिकाला त्याच्याच सरकारने देशाबाहेर काढले होते. त्याच्यामागे एक राज्य सरकार उभे राहिले म्हणून तो परतला. ज्याच्यामागे कोणीच नाही, त्याचे काय होत असेल?

हे मीरा-भाईंदरमध्ये घडावे, यालाही अर्थ आहे. मिठागरे, शेती आणि उत्तनची मासेमारी यांवर जगणाऱ्या या खाडीकाठच्या गावांची १९८५ साली नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ८ लाखांच्या वर गेली होती. ही वाढ बाहेरून आलेल्या माणसांनी झाली. मुंबईत घर न परवडणारा मराठी माणूस, गुजराती-मारवाडी व्यापारी, उत्तर भारतीय मजूर, १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून निघालेली मुसलमान कुटुंबे, सारे येथे आले. मूळचे म्हणावेत असे आगरी, कोळी आणि ख्रिस्ती लोक आज अल्पसंख्य आहेत. अशा शहरात जुलै २०२५ मध्ये भाषेच्या प्रश्नावर आधी व्यापाऱ्यांचा आणि मग मराठी माणसांचा मोर्चा निघाला. भाषेचा आग्रह न्याय्य असू शकतो. पण जवळजवळ सर्वच जण आलेले आहेत अशा शहरात ‘बाहेरचा’ कोण हे ठरते तरी कसे? आधी आलेला नंतर आलेल्याला बाहेरचा म्हणतो, आणि ज्याच्या हातात सत्ता किंवा पैसा आहे त्याला कोणीच बाहेरचा म्हणत नाही.

३

मुंबई इलाख्याच्या कायद्यात ‘स्थलांतरित’ हा शब्द संशयाने वापरला गेला, तेव्हा तो परदेशी माणसासाठी नव्हता. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतरच्या मुंबई शहर पोलीस कायद्याने, १९०२ साली, तडीपारीचे अधिकार दिले. गरीब स्थलांतरित मोठ्या संख्येने शहरात राहिल्यामुळे साथ पसरण्याचा संभव असेल, तर त्यांना शहराबाहेर घालवण्याचा अधिकार पोलीस आयुक्ताला होता. हे गरीब स्थलांतरित कोण होते? रत्नागिरी, सातारा, घाट आणि देश येथून आलेले तुमचे-आमचे आजे-पणजे. त्यांत महार होते, चांभार होते, मराठे-कुणबीही होते. गिरणीत काम मिळाले तरी अस्पृश्याला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. म्हणजे शहराच्या वेशीवर तो ‘स्थलांतरित’ होता आणि गिरणीच्या आत ‘अस्पृश्य’.

इंग्रज गेले, कायदा राहिला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ५६ व्या कलमात, स्थलांतरिताच्या वास्तव्यामुळे साथ पसरण्याचा संभव असेल तर त्याला हद्दपार करता येईल, ही तरतूद पुन्हा आली. याच काळात, १९५२ साली, गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन विमुक्त जमाती कागदोपत्री मुक्त झाल्या. एका दाराने संशय बाहेर गेला आणि दुसऱ्याने आत आला, असेच म्हणावे लागते.

४

१९४७ सालच्या फाळणीचा इतिहास आपल्याला हिंदू आणि मुसलमान या दोन रकान्यांत शिकवला जातो. तिसरा रकाना आपला होता. नव्याने जन्मलेल्या दोन्ही राष्ट्रांचे पहिले कायदामंत्री अस्पृश्य समाजातले होते, ही गोष्ट किती पाठ्यपुस्तकांत सापडते? भारतात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पाकिस्तानात जोगेंद्रनाथ मंडल. १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यात मंडलांचा मोठा वाटा होता.

फाळणीनंतर सवर्ण हिंदू सिंधमधून निघाले, तेव्हा कराचीच्या सफाई कामगारांना मात्र निघू दिले गेले नाही. अत्यावश्यक सेवेचे कारण देऊन पाकिस्तान सरकारने त्यांना अडवले. शहराचे संडास कोण साफ करणार, हा सरकारपुढचा प्रश्न होता. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना बाहेर काढण्याची मागणी केली. जगाच्या इतिहासात स्थलांतरिताला ‘येऊ नको’ म्हणणारे कायदे पुष्कळ आहेत. ‘तू घाण उपसतोस म्हणून जाऊ नको’ असे सांगण्याची वेळ मात्र जातिव्यवस्थेतच येऊ शकते.

सिंधी निर्वासितांसाठी आपल्याच ठाणे जिल्ह्यात कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उल्हासनगर उभे राहिले. पूर्व बंगालमधून आलेल्या नामशूद्र निर्वासितांच्या वाट्याला काय आले? १९५८ नंतर दंडकारण्याचे जंगल. काहींना चंद्रपूर जिल्ह्याच्या आज गडचिरोलीत असलेल्या भागात, चामोर्शी-मुलचेरा परिसरात वसवण्यात आले. बंगालमध्ये अनुसूचित जातीत असलेला नामशूद्र महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे निर्वासित होताना त्याची जमीन गेली, आणि येथे आल्यावर त्याची जातही कागदावरून गेली. जातीचे चटके तेवढे राहिले. दंडकारण्यातून निघून सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर गेलेल्यांची १९७९ साली डाव्या आघाडीच्या सरकारने नाकेबंदी केली, गोळीबार केला आणि त्यांना हुसकावून लावले. निर्वासित ‘आपल्या’ धर्माचा असला की त्याला न्याय मिळतो, हा समज मरिचझापीने खोटा ठरवला आहे.

५

घटना समितीत नागरिकत्वाची कलमे ऑगस्ट १९४९ मध्ये चर्चेला आली. मसुदा समितीला सर्वांत जास्त डोकेदुखी देणाऱ्या कलमांपैकी हे एक, असे बाबासाहेबांनी सुरुवातीलाच सांगितले. त्या चर्चेत विदर्भाचे पंजाबराव देशमुख यांनी या मसुद्यामुळे भारतीय नागरिकत्व फार स्वस्त होईल, अशी टीका केली. दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला आणि शिखाला धर्माच्या आधारे नागरिकत्व मिळावे, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. बहुजनांच्या शिक्षणासाठी भाऊसाहेबांनी केलेले काम आपल्याला ठाऊक आहे. पण या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या विरुद्ध टोकाला उभे होते, हे नोंदवले पाहिजे.

बाबासाहेबांनी आणलेल्या कलमांत जन्म, आई-वडिलांचा जन्म आणि वास्तव्य हे आधार होते. पाकिस्तानात गेलेला आणि कायमच्या वास्तव्याचा परवाना घेऊन परत आलेला मुसलमानही त्यात येत होता. सरकारने परवाना दिला असेल तर तो शब्द पाळला पाहिजे, ही भूमिका बाबासाहेबांनी सभागृहात मांडली. धर्मावरची दुरुस्ती फेटाळली गेली. शिवाय, कायद्यापुढील समानतेचे १४ वे आणि जीवित व स्वातंत्र्याचे २१ वे कलम ‘नागरिका’ला उद्देशून लिहिलेले नाही, ‘व्यक्ती’ला उद्देशून लिहिलेले आहे. अटक केलेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचे बंधन २२ व्या कलमात आहे. त्यातून शत्रुराष्ट्राचा नागरिक वगळला आहे, परदेशी माणूस वगळलेला नाही.

याची परीक्षा लवकरच झाली आणि तीही मुंबईच्याच प्रकरणात. पाकिस्तानातून येणाऱ्यांवर नियंत्रण ठेवण्याच्या १९४९ च्या कायद्याने नुसत्या संशयावरूनही माणसाला देशाबाहेर काढता येत होते. इब्राहीम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नागरिकाला असे घालवून देणे घटनाबाह्य आहे. मीरा रोडच्या गवंड्याला अंधारात सीमेपार ढकलले, तेव्हा हा निकाल ७१ वर्षांचा झालेला होता.

६

घटनेचे हे दार पुढे हळूहळू बंद होत गेले. १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारतात जन्मलेला माणूस नागरिक होता. १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले. २००३ च्या दुरुस्तीने, डिसेंबर २००४ पासून, दोघांपैकी एक ‘बेकायदा स्थलांतरित’ असेल तर मुलाचे नागरिकत्व जाते. याच दुरुस्तीने नामशूद्र निर्वासितांच्या डोक्यावरही टांगती तलवार आली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती काही धर्मांपुरती काढली. पंजाबरावांची १९४९ ची फेटाळलेली कल्पना ७० वर्षांनी दुसऱ्या रूपात कायद्यात आली.

आणि पुराव्याचे काय? इंग्रजांच्या १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या ९ व्या कलमाने आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला. हा कायदा रद्द करून १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. पुराव्याचा भार मात्र तेथेच राहिला. जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, हातात काहीही साहित्य नसताना कोणालाही परदेशी म्हणून ‘आता सिद्ध कर’ असे सांगता येणार नाही. त्या खटल्यातल्या माणसाचे नागरिकत्व नावाच्या स्पेलिंगमधल्या आणि तारखेतल्या फरकावरून गेले होते.

पुराव्याचा भार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जातीच्या दाखल्यासाठी आपण १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद शोधत फिरतो. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख लागते. ज्यांना शाळेत बसू दिले नाही, त्यांच्या शाळेच्या दाखल्यांची मागणी होते. माझ्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली पिढी माझी. आजोबांच्या जन्माची नोंद कुठल्या दप्तरात असणार? त्यांचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेले आहे, कारण लिहिणारा प्रत्येक वेळी दुसरा होता. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घुसखोरांचे कारण देऊन उशिरा होणाऱ्या जन्मनोंदींचे दाखले थांबवले. पालावर जन्मलेल्या पोराची नोंद वेळेवर कुठे होते?

७

विरुद्ध बाजूचे म्हणणे टाळून चालणार नाही. प्रत्येक राष्ट्राला आपल्या सीमा सांभाळण्याचा अधिकार आहे, हे खरे. कागदाशिवाय सीमा ओलांडून आलेले लोक आहेत, हेही खरे. ते कमी मजुरीवर राबतात म्हणून इथल्या मजुराची मजुरी पडते, हे म्हणणेही निराधार नाही. पण मजुरी पाडतो कोण? ज्याला पोलिसाची भीती घालता येते, असा मजूर ठेकेदाराला हवाच असतो. गवंड्याला पकडले जाते, त्याला कामावर ठेवणारा बिल्डर मोकळा राहतो. मजुराला निर्भय केले तर मजुरी पडणार नाही, हा कामगार चळवळीचा साधा धडा आहे.

आणखी एक मोह टाळला पाहिजे. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे भगतसिंग थिंड यांचा नागरिकत्वाचा खटला चालला. बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळत होते. आपण उच्च जातीचे, आर्य रक्ताचे आहोत, म्हणून गोरे आहोत, असा दावा त्यांनी केला. उच्चवर्णीय हिंदू येथल्या आदिवासींना जसे लेखतो तसेच अमेरिकन निग्रोंना लेखतो, अशा अर्थाचा युक्तिवादही त्यांच्या बाजूने झाला. न्यायालयाने दावा फेटाळला. अन्यायाच्या दारातून आत शिरण्यासाठी आपल्याखालच्या माणसाला दाखवून ‘मी तो नव्हे’ म्हणायचे, आणि शेवटी स्वतःही बाहेरच राहायचे! आज ‘आम्ही हिंदू दलित, आम्ही घुसखोर नव्हे’ म्हणून बंगाली मुसलमानाकडे बोट दाखवणाऱ्याने हा खटला वाचावा.

जुलै १९९८ मध्येही मुंबईहून बंगालीभाषक माणसे हावड्याकडे गाडीत घालून नेली जात होती. उलुबेरिया स्थानकावर जमावाने ती सोडवली, कारण त्यांतले अनेक भारतीय आहेत, असे तेथल्या लोकांचे म्हणणे होते. चूक नवी नाही. २७ वर्षांनंतर ती जमावाच्या नजरेआड, रात्री होऊ लागली, एवढाच फरक.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. संशयिताला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्या. सरकारने आधी पुरावा दाखवावा. त्याला वकील द्या, त्याच्या मूळ गावाहून उत्तर येईपर्यंत थांबा, आणि न्यायालयाच्या निर्णयाशिवाय कोणालाही सीमेवर नेऊ नका. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत यासाठी कायदा सहाय्य केंद्र चालवावे, शिक्षकांनी मुलांच्या नोंदी वेळेवर आणि एकाच नावाने होतील हे पाहावे. ही मागणी परदेशी माणसाच्या लाडासाठी नाही. कागद नसलेल्या माणसाला माणूस मानायचे की नाही, हा प्रश्न या देशात सर्वांत आधी आपल्याला विचारला गेला होता. त्याचे बाबासाहेबांनी घटनेत लिहिलेले उत्तर ‘व्यक्ती’ या एका शब्दात आहे. तो शब्द पुसू द्यायचा नाही.