नाम आणि ओळख : इंटरफेसच्या इतिहासातील एक प्रश्न

आज्ञावलीचे भाग निरनिराळे रचून मग जोडावयाचे, ही कल्पना संगणकाच्या आरंभकाळापासूनची आहे. केंब्रिज येथील एडसॅक यंत्राच्या उपआज्ञावलींविषयी विल्क्स, व्हीलर व गिल यांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. तेथे जोडणी काम सुरू होण्यापूर्वीच पुरी होत असे. १९६५ च्या सुमारास मल्टिक्स प्रणालीने निराळा मार्ग योजिला : एखाद्या भागाचा प्रथम उल्लेख होईल तेव्हाच त्याचे नाव शोधून तो जोडावयाचा.

खरी अडचण येथे उद्भवते. मागाहून येणारा घटक लिहिला जाण्यापूर्वीच यजमान आज्ञावली सिद्ध झालेली असते. मग तिने त्याच्या मेथडला पाचारण करावे कसे? केवळ नाव ठाऊक असून भागत नाही. कोणती मूल्ये द्यावयाची व कोणते उत्तर यावयाचे, याविषयी उभयपक्षी करार हवा. हा करार म्हणजेच इंटरफेस. घटकाने आपले अंतर्गत निर्णय झाकून ठेवावेत, असे डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्ये प्रतिपादिले, तेव्हा त्याची तात्त्विक बाजू स्पष्ट झाली. मायक्रोसॉफ्टच्या 'कॉम' पद्धतीने १९९३ मध्ये त्यास काटेकोर रूप दिले. प्रत्येक इंटरफेसला १२८ बिटांचा ओळखक्रमांक मिळाला. शिवाय, प्रसिद्ध झालेला इंटरफेस बदलावयाचा नाही, नवे सामर्थ्य हवे असल्यास नवा इंटरफेस निर्मावयाचा, असा दंडक पडला.

१९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेने नावावर अधिक भिस्त ठेविली. वर्ग नावाने मागवावा, त्यापासून वस्तू निर्मावी व परिचित इंटरफेसच्या द्वारे तिला पाचारण करावे, अशी ही रीत. परंतु निरनिराळ्या लोडरांनी आणिलेले एकाच नावाचे दोन वर्ग यंत्रास एकच भासू शकतात व त्यायोगे प्रकारांची सुरक्षितता ढासळते, हे विजय सारस्वत यांनी १९९७ मध्ये दाखविले. शेंग लियांग व गिलाद ब्राचा यांनी १९९८ मध्ये त्यावरील उपाय विशद केला : वर्गाची ओळख नाव व लोडर या दोहोंनी मिळून ठरते, आणि जेथे दोन लोडरांचा संबंध येतो तेथे सामाईक नावाचा अर्थ एकच आहे ना, हे यंत्राने पडताळावे. म्हणूनच इंटरफेस दोन्ही पक्षांस सामाईक अशा लोडरकडून यावा लागतो. घटकाने त्याची स्वतंत्र प्रत आणिल्यास, मजकूर अक्षरशः तोच असूनही, यजमान ती वस्तू नाकारतो.

भाषाभ्यासकास हे अपरिचित नाही. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारी पट्टी. नामसाम्य हे अर्थसाम्य नव्हे. शब्दाचा अर्थ तो मान्य करणाऱ्या समाजात असतो. इंटरफेसचा अर्थही सामाईक मान्यतेतच असतो, असे म्हणावयास हरकत नाही.