भिंत नसलेलं नेटवर्क: न्हावा शेवा ते नागपूर

हुडकेश्वरच्या माझ्या खोलीतून बोलतोय. मागे कूलरचा घरघराट ऐकू आला तर सांभाळून घ्या, नागपूरचा मे महिना आहे.

आजची गोष्ट २७ जून २०१७ ची. उरण तालुक्यातलं न्हावा शेवा, म्हणजे आपलं जेएनपीटी बंदर. तिथलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडे होतं. तिथली संगणक यंत्रणा ठप्प झाली आणि कंटेनरचं काम हाताने रेटायची वेळ आली. बंदरातली बाकीची टर्मिनल्स मात्र चालू होती.

आग लागली होती पार युक्रेनमध्ये. एमईडॉक नावाच्या कर-हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा मालवेअर सुटला. एका मशीनमध्ये शिरला की तो पासवर्ड चोरायचा आणि शेजारच्या मशीनवर उडी मारायची. मर्स्कच्या नेटवर्कमध्ये मध्ये पुरेशा भिंतीच नव्हत्या. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. वाचलं काय, तर घानातला एक डोमेन कंट्रोलर. कारण? त्या वेळी तिथली लाइट गेली होती!

आता थोडं मागे जाऊ. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्कमध्ये बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. एकच जाड केबल, सगळे तिलाच जोडलेले. म्हणजे चाळीच्या सामायिक गॅलरीसारखं, एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाणार. पुढे स्विच आले. एकाचा निरोप थेट दुसऱ्याच्या पोर्टवर जाऊ लागला, पण ‘अरे, सगळ्यांनी ऐका’ अशी हाक, म्हणजे ब्रॉडकास्ट, अजूनही सगळीकडे जायची. १९८० च्या दशकात बेलकोरमध्ये डेव्हिड सिंकोस्की यांनी तोडगा काढला: तार तीच ठेवा, प्रत्येक पाकिटावर गटाचा नंबर लावा. हेच व्हीलॅन. १९९८ मध्ये त्याचं ८०२.१क्यू हे प्रमाण आलं. चार बाइटचा टॅग, त्यात १२ बिटांचा नंबर, म्हणून वापरता येणारे गट ४,०९४.

बीटेकला हे मी दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. समजलं नोकरीत.

एका ऑफिसात कॅमेरे, प्रिंटर, पाहुण्यांचं वायफाय, अकाउंट्स, आमचे लॅपटॉप, सगळं एकाच नेटवर्कवर होतं. स्विच महागाचे, मॅनेज्ड. पण सगळे पोर्ट कंपनीतून आले तसेच, व्हीलॅन १ मध्ये. एका संध्याकाळी ऑफिसबॉय दादाने कुणाच्या तरी सांगण्यावरून घरगुती राउटर भिंतीतल्या पोर्टला जोडला. सकाळी लोकांनी लॅपटॉप उघडले आणि तो राउटर सगळ्यांना चुकीचे आयपी पत्ते वाटत सुटला. अख्खा मजला बंद. पगाराची फाइल बँकेत जायची, नेमका तोच दिवस.

दुपारपर्यंत कारण सापडलं आणि सगळ्यांसमोर बोलणी बसली दादाला. मी तिथेच उभा होतो. स्विचची सेटिंग बघण्याचं काम माझ्याकडे होतं, सहा महिने ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हणत होतो. तरी गप्प बसलो. दोन दिवसांनी साहेबांना जाऊन सांगितलं, “सर, चूक त्याची नाही, माझी होती.” दादा फक्त एवढंच म्हणाला, “जाऊ द्या ना भाऊ.” ते जास्त लागलं.

मग शनिवारी बसून कॅमेऱ्यांना एक व्हीलॅन, पाहुण्यांना दुसरं, अकाउंट्सला तिसरं, असे गट पाडले. परका राउटर पत्ते वाटू लागला तर त्याला अडवणारं डीएचसीपी स्नूपिंगही त्याच स्विचमध्ये होतं, फक्त चालू करायचं होतं. एक लक्षात ठेवा, नुसत्या व्हीलॅनने भागत नाही. दोन गटांच्या मधल्या दारावर, म्हणजे राउटर किंवा फायरवॉलवर, कोणाला सोडायचं याचे नियम लागतात. दार सताड उघडं असेल तर भिंतीचा उपयोग काय?

मर्स्कमध्येही सुरक्षा सुधारण्याची योजना आधीच मंजूर होती, पण अमलात आली नव्हती, असं नंतर छापून आलं. त्यांचं ‘पुढच्या आठवड्यात’ आणि माझं ‘पुढच्या आठवड्यात’ एकच.

तर उद्या ऑफिसात गेलात की पाहुण्यांच्या वायफायवरून अकाउंट्सचा प्रिंटर दिसतो का, बघा. दिसला, तर नेटवर्कवाल्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या वेळी!