पार्टनर व्हिसा: लांब राहून नातं खरं असल्याचे पुरावे मोबाईलमधून कसे काढायचे?

लग्न झालं, रजा संपली, एक जण मेलबर्नला परत गेला आणि दुसरा पुण्यातच राहिला. अशा जोडप्यांसाठी ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा असतो. ऑस्ट्रेलियाबाहेरून अर्ज करताना आधी ३०९ हा तात्पुरता आणि नंतर १०० हा कायमचा व्हिसा मिळतो. दोन्हींचा अर्ज एकदमच करायचा असतो. फी २०२४ मध्येच ९,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली आहे, त्यामुळे कच्च्या पुराव्यांवर अर्ज टाकणं महागात पडतं.

लांब राहिलेलं चालतं का?

चालतं. तिथल्या १९५८ च्या मायग्रेशन कायद्यानुसार जोडपं एकत्र राहत असावं, किंवा निदान कायमचं वेगळं राहत नसावं. नोकरी किंवा व्हिसामुळे आलेला दुरावा म्हणजे कायमचं वेगळं राहणं नव्हे. पण नुसतं मॅरेज सर्टिफिकेट पुरत नाही. अधिकारी चार बाजू बघतात: पैसे, घर, समाज आणि एकमेकांशी बांधिलकी.

कोणत्या बाजूला काय द्यायचं?

- पैसे: एकमेकांना पाठवलेल्या पैशांची बँक स्टेटमेंट, जॉइंट खातं, विम्यातलं नॉमिनी.
- घर: भेटीच्या काळात एकत्र राहिल्याचे पुरावे, पुढे कुठे राहणार याची तयारी.
- समाज: दोन्हीकडच्या नातेवाइकांसोबतचे फोटो, लग्नपत्रिका. शिवाय फॉर्म ८८८, म्हणजे तुम्हाला ओळखणाऱ्या ऑस्ट्रेलियन नागरिकाचं किंवा तिथल्या कायम रहिवाशाचं लेखी निवेदन.
- बांधिलकी: चॅट, कॉल, विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास.

व्हॉट्सअ‍ॅप चॅट

अँड्रॉइडवर चॅट उघडा, वरच्या तीन ठिपक्यांवर टॅप करा, मग 'मोअर' आणि 'एक्सपोर्ट चॅट'. आयफोनवर चॅटमधल्या नावावर टॅप केलं की खाली हा पर्याय दिसतो. मीडियाशिवाय निवडलंत तर तारीख-वेळेसह साधी टेक्स्ट फाइल मिळते. आधी एवढं तपासा:

१. डिसअपिअरिंग मेसेज चालू असेल तर बंद करा. उडालेला मेसेज एक्सपोर्टमध्ये येत नाही.
२. अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी चालू असेल तर एक्सपोर्टच होत नाही.
३. एका वेळी किती मेसेज निघतील याला मर्यादा आहे. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एक्सपोर्ट करून ड्राइव्हवर ठेवा. फोन हरवला तरी पुरावा राहील.

वेळ फोनच्या घड्याळाप्रमाणे छापली जाते. मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे, तिथल्या उन्हाळी वेळेत साडेपाच. रात्री १० चा मेसेज तिकडे दुसऱ्या तारखेला पडतो. दोघांच्या फोनवरचे पुरावे मिसळणार असाल तर कोणता कोणाचा, ते लिहा.

सगळं चॅट देऊ नका

हजार पानं कोणी वाचत नाही. प्रत्येक महिन्यातली दोन-चार पानं निवडा: घरातलं आजारपण, पैशांची चर्चा, तिकीट काढण्यावरून झालेली वादावादीसुद्धा. रोजचं साधं बोलणंच खरं वाटतं. खासगी फोटो द्यायची गरज नाही. मराठी मेसेजचं, मग ते इंग्रजी अक्षरांत टाइप केलेले असले तरी, इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भारतात केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचं नाव, पत्ता, फोन आणि पात्रता हवी.

फोटो

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या फोटोतून तारीख आणि जागेची माहिती निघून जाते. मूळ फोटो घ्या, किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहा.

एक गोष्ट मुळीच करू नका

स्क्रीनशॉट एडिट करू नका, तारखा बदलू नका. बनावट कागद सापडला तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, आणि पुढची ३ वर्षं दुसरा व्हिसाही अडू शकतो. मधले दोन महिने बोलणं कमी झालं असेल तर त्याचं कारण दोन ओळींत लिहा. खरं कारण सांगितलेली रिकामी जागा अर्जाला तेवढी मारक नसते.