एका घराचें कॉलेज

केंब्रिज विद्यापीठांत परीक्षा व पदवी विद्यापीठाची. पण निवास, भोजन आणि सहवास हे कॉलेजाचे. ज्याला कोणत्याच कॉलेजाच्या पंगतींत पान नाहीं, तो त्या नगरांत राहूनहि परकाच. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रयोगशाळांतून काम करणाऱ्या कित्येक विद्वानांची हीच स्थिति होती. संशोधनासाठीं बाहेरून आलेल्या पदवीधरांना कॉलेज मिळे. परंतु कोवळ्या मुलांसाठीं घडलेल्या त्या व्यवस्थेंत हीं प्रौढ माणसें अवघडूनच राहत.

ही उणीव दूर करण्यास गॉनव्हिल अँड कीझ, सेंट जॉन्स व ट्रिनिटी हीं तीन जुनीं कॉलेजें पुढें आलीं. ह्यांपैकीं सेंट जॉन्स आपल्याला अपरिचित नाहीं. १८९९ सालीं रघुनाथराव परांजपे सीनिअर रँग्लर झाले ते तेथूनच. केवळ पदवीधरांसाठीं कॉलेज काढावयाचें, पण जागा कोठची?

कॅम नदीच्या कांठीं न्यूनहॅम ग्रेंज नांवाचें एक घर होतें. धान्य व कोळसा विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानें तें १७९३ सालीं बांधलें होतें. पुढें १८८५ सालीं चार्ल्स डार्विन ह्यांचे चिरंजीव, ज्योतिर्विद जॉर्ज डार्विन, ह्यांनीं तें घेतलें. त्यांची कन्या ग्वेन रॅव्हरॅट हिनें १९५२ सालच्या ‘पीरिअड पीस’ ह्या पुस्तकांत आपलें बालपण वर्णिलें आहे, तें ह्याच घरांतील. १९६२ च्या अखेरच्या दिवशीं तिचे बंधु सर चार्ल्स गॉल्टन डार्विन निवर्तले आणि घराचें पुढें काय, हा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या पत्नीनें व कुटुंबियांनीं कॉलेजाची कल्पना मानली. घराबरोबर घराण्याचें नांवहि नव्या संस्थेला लाभलें.

१९६४ सालीं डार्विन कॉलेज स्थापन झालें. जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रँक यंग हे पहिले मास्टर. केंब्रिजमधील केवळ पदवीधरांचें हें पहिलें कॉलेज, आणि स्त्री व पुरुष दोघांनाहि घेणारेंहि हेंच पहिलें. तिन्ही संस्थापक कॉलेजांत त्या वेळीं विद्यार्थिनींना प्रवेश नव्हता! स्वतःचीं दारें उघडण्यास वडीलधाऱ्यांना आणखी एका तपाहून अधिक काळ लागला; पण धाकट्याच्या दाराला त्यांनीं अडसर घातला नाहीं, हें त्यांना भूषणावहच होय.

१९७६ सालीं कॉलेजाला स्वतंत्र सनद मिळाली. १९८४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे सेझार मिलस्टाइन हे ह्याच कॉलेजाचे फेलो. मूळचे अर्जेंटिनाचे, बाहेरूनच आलेले. विद्येला प्रयोगशाळा व ग्रंथालय हवें, तसें संध्याकाळीं परतावयाला आपलें घरहि हवें. डार्विन कॉलेजाचा इतिहास लहान आहे, पण तो हेंच सांगतो.