लाल फीत आणि आपलं बासन

बैठकीत कुणी विचारलं, "आपल्या कर्जाचं अडलं कुठं?" की एखादी शिकलेली पोर चटकन म्हणते, "रेड टेप, दुसरं काय!" पेपरात तेच 'लालफितीचा कारभार' म्हणून छापून येतं.

ही फीत खरीखुरी होती बरं का. इंग्लंडात सतराव्या शतकापासून सरकारी आणि कोर्टाचे कागद लालसर फितीनं बांधत. हेतू चांगलाच, एका प्रकरणाचं पान हरवू नये. पण काम व्हायचं तर गाठ सुटली पाहिजे, आणि सोडणारा जागेवर पाहिजे! एकोणिसाव्या शतकात चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकांनी ही फीत पार बदनाम केली.

डिकन्सनं १८५५ साली लंडनच्या एका भाषणात सांगितलेली हकीकत आम्हाला फार आवडते. तिथल्या खजिन्याचा हिशोब शेकडो वर्षं लाकडी काठीवर खाचा पाडून ठेवत. मोठ्या रकमेला रुंद खाच, लहान रकमेला बारीक. मग काठी उभी चिरायची, एक भाग देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. दोन्ही जुळले की हिशोब बरोबर. त्या काठीचं नाव टॅली. आपली हिशोब लिहिणारी ताई पासबुकाशी रोकडवही लावून "टॅली झालं" म्हणते, तो शब्द हाच.

पुढं कागद आला, तरी काठ्या सुटेनात. त्या बंद करायचा कायदा झाला अठराव्या शतकात, बंद झाल्या १८२६ साली. चाळीसहून जास्त वर्षं! उरलेले ढीग १६ ऑक्टोबर १८३४ रोजी पार्लमेंटच्याच भट्टीत घातले. डिकन्सचं म्हणणं, आसपासच्या गरिबांना चुलीसाठी दिल्या असत्या तर? पण तशी पद्धत नव्हती ना. भट्टी भडकली आणि पार्लमेंटची दोन्ही सभागृहं जळाली.

आपणही हसू नये फार. आपल्याकडं फितीऐवजी कापड होतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कागदांच्या गठ्ठ्यांना रुमालच म्हणतात. पोथी बांधायचं कापड ते बासन, आणि 'मागणी बासनात गुंडाळली' हे तर आपल्या तोंडी रोजचं.

दोन्हींत फरक मात्र आहे. लालफितीतलं काम रखडतं, पण या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असतं. बासनात गेलेल्याला कुणी हातच लावत नाही. आमच्या एका गटाचा शेळ्यांच्या कर्जाचा अर्ज एका सहीसाठी असाच फिरत राहिला, आणि सही होईपर्यंत शेळ्यांचे भाव चढले. तेव्हापासून आम्ही अर्ज देतानाच आवक क्रमांक आणि तारीख वहीत लिहून घेतो. चौकशीला गेलं की पहिला प्रश्न, "कागद आज कुणाच्या टेबलावर आहे?" नाव सांगितलं तर ती लालफीत, त्या टेबलापाशी जाऊन बसायचं. कुणालाच सांगता आलं नाही तर समजायचं बासन, आणि जुना आवक क्रमांक घालून त्याच दिवशी लेखी स्मरणपत्र द्यायचं.