वैफल्यग्रस्त नायक आणि प्रेक्षकाची स्मृती : ‘माणूस’ ते ‘अर्धसत्य’

१

चित्रपटाच्या इतिहासाची मांडणी बहुधा निर्माते, दिग्दर्शक व नटनटी यांच्या नामावलीने केली जाते. तो चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांनी त्यातून काय उचलले व काय टाकून दिले, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहतो. वस्तुतः कलाकृतीचे सामाजिक आयुष्य तिच्या प्रेक्षकांच्या स्मृतीतच व्यतीत होत असते. ज्या चित्रपटांचा नायक पराभूत, कडवट व स्वतःवरचा विश्वास गमावलेला पुरुष आहे, त्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. असा नायक प्रेक्षकाकडे सहानुभूती मागतो. आणि सहानुभूती एकाला भरभरून दिली म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून कमी होते. ती कोणाच्या वाट्यातून कमी झाली याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी ‘माणूस’ (१९३९), ‘सामना’ (१९७४), ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘अर्धसत्य’ (१९८३) हे चार चित्रपट निवडले आहेत. चौथा चित्रपट हिंदी असला तरी त्याची मूळ कथा व पटकथा मराठी लेखकांची आहे, त्याचा नायक मराठी आहे आणि त्याची भूमी मुंबई आहे.

२

‘प्रेक्षक’ हा शब्द मोघम राहू नये म्हणून त्याला एक गाव देणे इष्ट होईल. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील आरोंदा हे गाव तेरेखोल नदीच्या काठी, गोव्याच्या सीमेला लागून वसले आहे. डिसेंबर १९६१ पर्यंत पलीकडच्या तीरावर पोर्तुगीजांचा अंमल होता. दक्षिण कोकणच्या या टापूतील कर्ता पुरुष पिढ्यानुपिढ्या पोटासाठी मुंबईस जात आला. वेंगुर्ल्यासारख्या बंदरातून आगबोटीने निघावे, गिरणगावात गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोलीत वळकटी टाकावी, गिरणीत, गोदीत किंवा पोलिसांत चाकरी धरावी आणि महिन्याच्या महिन्याला घरी मनीऑर्डर पाठवावी, हा त्याचा क्रम. गाव त्याला ‘चाकरमानी’ म्हणून ओळखते. त्याचा मान चाकरीवर अवलंबून असल्यामुळे चाकरी डळमळली की मानही डळमळतो. शहराने फसवलेल्या पुरुषाची कथा या प्रेक्षकाला परकी वाटण्याचे काहीच कारण नव्हते.

हाच प्रेक्षक आणखी एक नाट्य लहानपणापासून पाहत आलेला असतो. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या म्हणजे देवळापुढे दशावतार उभा राहतो. पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर अशा मंडळ्यांनी ही परंपरा चालविली. आरंभीच्या आड-दशावतारात वेद चोरणारा संकासूर येतो, मालवणी बोलीत प्रेक्षकांना पोट धरून हसवतो आणि अखेर विष्णूच्या हातून मारला जातो. त्यानंतर रात्रभर पौराणिक आख्यान चालते व उजाडता उजाडता दहीकाल्याने समाप्ती होते. या नाट्यात वध म्हणजे व्यवस्थेची पुनःस्थापना होय. वध करणाऱ्याच्या हातून दुसऱ्या कोणाचे बरेवाईट झाले आहे काय, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही; कारण वध करणारा देव असतो. आधुनिक चित्रपटातील वधाकडे पाहताना हे संस्कार मागे पडतात असे मानणे धाडसाचे होईल.

३

बंगालीतील ‘देवदास’ हा प्रमथेश बरुआ यांचा बोलपट १९३५ साली प्रदर्शित झाला. शरच्चंद्रांच्या कादंबरीवरील या कथेला कुंदनलाल सैगल यांच्या हिंदी आवृत्तीने देशभर पोहोचविले. प्रेमभंगामुळे मद्याच्या आहारी जाऊन मरणाला जवळ करणारा हा नायक तरुणांना मोहविणारा ठरला. व्ही. शांताराम यांना ही मोहिनी अपायकारक वाटली व ‘प्रभात’च्या ‘माणूस’मधून त्यांनी तिला उत्तर दिले. या बोलपटाचे संवाद अनंत काणेकर यांनी लिहिले. गणपत हा साधा पोलीस शिपाई (शाहू मोडक) धाडीच्या वेळी मैना या वेश्येला (शांता हुबळीकर) वाचवितो, तिच्यावर प्रेम करू लागतो, तिला आपल्या घरी, आपल्या सश्रद्ध आईपुढे नेतो. मात्र मैनेला आपल्या भूतकाळातून बाहेर पडता येत नाही. दुष्ट मामाचा तिच्या हातून खून होतो आणि तुरुंगातून सुटण्याचा गणपतने पुढे केलेला मार्गही ती नाकारते. प्रेम गेले तरी माणसाने जगले पाहिजे, हे या बोलपटाचे प्रतिपाद्य. प्रचलित प्रेमपटांतील भाबड्या गीतांची त्यात यथेच्छ थट्टाही आहे.

या उत्तरामागे प्रेक्षकाविषयी एक निश्चित कल्पना होती. प्रेक्षक जे पाहतो त्याचे अनुकरण करतो, म्हणून त्याला वाईट नायकाऐवजी चांगला नायक द्यावा, अशी ती कल्पना. प्रेक्षकाने मात्र निराळेच काही केले. ‘माणूस’ लोकप्रिय झाला, परंतु लोकांच्या ओठांवर राहिले ते मैनेचे अनेक भाषांतून फिरणारे गीत. शांताबाईंनी उत्तरायुष्यात आपल्या आत्मचरित्रालाही त्या गीतातलेच शब्द शीर्षक म्हणून दिले. गणपतचा धडा विरला आणि मैना उरली. पुरुषाच्या निराशेवर उपाय म्हणून रचलेल्या कथेतून प्रेक्षकाने त्या निराशेची खरी किंमत मोजणारी स्त्री उचलली, ही गोष्ट त्या काळच्या प्रेक्षकाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

४

पुढील तिन्ही चित्रपटांच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या आहेत, हा योगायोग मानता येणार नाही. समाजातील हिंसेचा अभ्यास त्यांनी नेहरू अधिछात्रवृत्ती घेऊन केला होता. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’त साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) याच्या गावात एक वृद्ध, मद्यपी मास्तर (श्रीराम लागू) येऊन पडतो. हा मास्तर एके काळचा स्वातंत्र्यसैनिक. ज्या स्वराज्यासाठी लढा दिला त्याचे पुढे जे झाले, ते त्याने पेल्यात बुडविले आहे. असे असूनही या मोडलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न घर करतो. मारुती कांबळे नावाच्या एका नाहीशा झालेल्या माणसाचे झाले तरी काय, हा तो प्रश्न.

‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत दाखविला गेला व मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. त्याहून मोठी पावती लोकव्यवहाराने दिली. मारुती कांबळेविषयीचा तो प्रश्न महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात म्हणीसारखा रूढ झाला. सत्तेने दडपलेल्या कोणत्याही प्रकरणाची चौकशी करताना वृत्तपत्रे व वक्ते आजही तो उच्चारतात. चित्रपटातील ओझ्याचे गीत आरती प्रभू यांचे. आरोंद्याच्या शेजारच्या वेंगुर्ले तालुक्याशी नाते असलेल्या या कवीने वैफल्याला आत्मदयेपासून दूर ठेवणारे शब्द दिले. एकाचा भार दुसऱ्यावर कसा येऊन पडतो, हाच त्या गीताचा विषय आहे.

मास्तराचे वैफल्य लहान नाही. तथापि ते स्वतःभोवती घोटाळत बसत नाही, एका परक्या माणसाच्या मरणाकडे वळते. म्हणूनच प्रेक्षकाच्या स्मृतीत नायकाच्या आधी मृताचे नाव येते. पडद्यावर फारसा न दिसणारा मनुष्य चित्रपटातील सर्वांत जिवंत नाव होऊन बसला.

५

‘सिंहासन’ अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. येथे निळू फुले दिगू टिपणीस या पत्रकाराच्या भूमिकेत आहेत. ‘सामना’तील सत्ताधीशच आता साक्षीदार झाला. दिगूला मंत्रालयापासून तस्करांपर्यंत सर्व काही ठाऊक असते, मात्र त्या ज्ञानाचा उपयोग त्याला करता येत नाही. अखेर त्याचे मानसिक संतुलन ढळते. राजकारणाच्या जाणकारांनी या चित्रपटातील डावपेचांचे कौतुक केले. सामान्य प्रेक्षकाने लक्षात ठेवला तो शेवटचा दिगू. त्यात एक सूक्ष्म बदल दिसतो. मास्तराला विचारण्यासाठी प्रश्न होता, तर दिगूजवळ केवळ त्याची स्वतःची अवस्था उरली. प्रेक्षकाची सहानुभूती मृताकडून नायकाकडे सरकू लागली होती.

६

‘अर्धसत्य’ ज्या मुंबईत आला ती मुंबई सांगितल्याशिवाय त्याचे स्वागत समजत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. हा संप विधिवत् कधीच मागे घेतला गेला नाही. कोकणातील अनेक चाकरमानी गावी परतले व मनीऑर्डर आटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी उठाव केला व तो मोडून काढण्यासाठी सैन्य बोलवावे लागले. त्याआधी ११ जानेवारीला मन्या सुर्वे हा गुंड वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला होता. पुढे ‘चकमक’ या नावाने रूढ झालेल्या पद्धतीचा तो आरंभ मानला जातो. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून गोविंद निहलानी यांनी केलेला चित्रपट १९८३ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा हे सारे ताजे होते.

उपनिरीक्षक अनंत वेलणकर (ओम पुरी) बापाच्या हट्टामुळे पोलिसात येतो. हा बापही पोलीस, बायकोला मारझोड करणारा. रामा शेट्टी (सदाशिव अमरापूरकर) या गुंडाला हात लावण्याचा प्रयत्न वरून आलेल्या एका दूरध्वनीने फसतो. धाडसाने पकडलेल्या दरोडेखोराचे श्रेय दुसऱ्यालाच मिळते. साचलेला संताप एका रात्री कोठडीतील एका भुरट्या चोरावर निघतो. त्याने चोरलेली वस्तू म्हणजे एक रेडिओ. वेलणकरच्या मारहाणीत तो मरतो. निलंबनातून सुटण्यासाठी वेलणकरला राजकारणी झालेल्या रामा शेट्टीच्याच दारी जावे लागते. तेथे अपमान होताच तो त्याचा गळा दाबून खून करतो व ठाण्यात जाऊन स्वतःला स्वाधीन करतो.

समांतर म्हणविल्या जाणाऱ्या चित्रपटांना क्वचितच लाभणारे यश याला लाभले. ओम पुरी यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८४ साली कार्लोवी व्हारीच्या महोत्सवातही त्यांचा गौरव झाला. दिलीप चित्रे यांची चक्रव्यूहाविषयीची कविता चित्रपटात वेलणकर स्वतः वाचतो. ती चित्रपटगृहाबाहेर पडून स्वतंत्रपणे गाजली. त्या चक्रव्यूहात प्रेक्षकाला आपली गिरणी, आपली कचेरी, आपला साहेब दिसला असल्यास नवल नाही.

परंतु या स्वागताची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चित्रपटाने वेलणकरच्या हातून दोन मरणे घडविली आहेत. त्यांपैकी रामा शेट्टीचे मरण सर्वांच्या लक्षात आहे, त्याचे नाव आजही घेतले जाते. रेडिओ चोरणाऱ्याचे नाव कोणाच्या तोंडी नाही. पहिले मरण कोठडीत, निःशस्त्राला मारून झालेले, आणि नैतिक दृष्ट्या चित्रपटाचा कणा तेच आहे. त्याच्याविना दुसरे मरण घडतेच ना. चित्रपटकर्त्यांनी ही गोष्ट झाकलेली नाही. प्राध्यापिका ज्योत्स्ना गोखले (स्मिता पाटील) ही वेलणकरची प्रेयसी पोलिसी हिंसेविषयी त्याला प्रारंभापासून प्रश्न विचारते आणि त्याचे हात रंगू लागताच त्याच्यापासून दुरावते. कसे पाहावे हे सांगणारा एक प्रेक्षकच जणू तिच्या रूपाने पडद्यावर उभा केला होता. बहुसंख्य प्रेक्षकांनी मात्र वेलणकरच्या डोळ्यांनीच पाहणे पसंत केले.

येथे दशावताराचे संस्कार पुन्हा आठवतात. रामा शेट्टीचा अंत संकासुराच्या अंतासारखा वाचला गेला. दुष्ट मेला, पहाट झाली. फरक इतकाच की येथे वध करणारा देव नव्हता आणि त्याच्या मागे कोठडीत एक प्रेत पडलेले होते. पुढे हिंदी चित्रपटात चकमकफेम पोलीस अधिकाऱ्यांना नायकपद मिळाले. ‘अब तक छप्पन’ (२००४) हे त्याचे ठळक उदाहरण. या परंपरेने ‘अर्धसत्या’तून खून घेतला, आत्मसमर्पण गाळले. एका शोकांतिकेचा वारसा विजयकथेला मिळाला, आणि या रूपांतरात प्रेक्षकाचा वाटा लेखक-दिग्दर्शकांपेक्षा कमी नाही.

७

या चार चित्रपटांवरून काढता येणारा निष्कर्ष असा की, काळोखा चित्रपट प्रेक्षकाला बिघडवतो किंवा सुधारतो, हा वाद मुळातच उथळ आहे. ‘देवदास’विषयीची भीती व ‘माणूस’ची आशा या दोहोंनी प्रेक्षकाला अनुकरण करणारा मानले. प्रत्यक्षात प्रेक्षक निवड करतो. आपल्या अनुभवाने, आपल्या गावच्या नाट्याने व त्या त्या वर्षाच्या दुःखाने त्याची निवड घडते. १९३९ साली त्याने मैनेला निवडले आणि १९७४ नंतर मारुती कांबळेला. १९८३ साली, स्वतः हरलेल्या अवस्थेत, त्याने वेलणकरला निवडले. ज्याची चाकरी गेली आहे अशा चाकरमान्याला वेलणकर आपला वाटावा, हे समजण्यासारखे आहे. परंतु संपानंतरच्या त्याच मुंबईत रेडिओ चोरून पोलिसांच्या हाती सापडण्याची वेळ वेलणकरवर येणारी नव्हती. ती आली असती तर चाकरी गमावलेल्यांपैकीच एखाद्यावर. आपल्या जागी उभा असलेला माणूस कोठडीत होता, आणि प्रेक्षक मात्र गणवेशाच्या बाजूने पाहत राहिला.

पुरुषाच्या वैफल्याचा इतिहास लिहिताना म्हणून दोन नोंदवह्या ठेवाव्या लागतील. एकीत नायकाला काय सोसावे लागले ते, आणि दुसरीत त्याच्या सोसण्यापायी इतरांना काय सोसावे लागले ते. मराठी लोकस्मृतीने मारुती कांबळेची नोंद जपली. रेडिओ चोरणाऱ्याची नोंद करण्याचे काम अजून शिल्लक आहे.